डिक्टेशन माइक: सोनोग्राफीच्या खोलीतला अनुभव

गिरगावात माझं छोटं सोनोग्राफी सेंटर आहे. संध्याकाळी आजूबाजूच्या दवाखान्यांतून पेशंट एकदम येतात आणि सगळं गाडं टायपिंगपाशी तुंबतं. म्हणून हातात धरायचा डिक्टेशन माइक आणि मेडिकल शब्दसंग्रह असलेलं स्पीच रेकग्निशन, म्हणजे बोललेलं टाईप करणारं सॉफ्टवेअर घेतलं. फिलिप्सचा स्पीचमाइक, न्यूआन्सचा पॉवरमाइक ही या प्रकारातली नेहमीची नावं. ब्रँडची तुलना मी करत बसणार नाही, कारण डोकेफोड असते ती बसवताना.

यूएसबीला लावला की माइक लगेच ओळखला जातो. पण याच्या पोटात छोटा स्पीकरही असतो, त्यामुळे बाहेरच्या आवाजासाठीही कॉम्प्युटर त्यालाच धरून बसतो. जेवणाच्या सुट्टीत ऑनलाइन लेक्चर लावलं, तर सर माझ्या मुठीतून बोलायला लागले! साउंड सेटिंगमध्ये इनपुटला हा माइक आणि आउटपुटला जुने स्पीकर असं वेगळं करून टाका, विषय संपला.

पैसे वसूल होतात ते बटणांमुळे. त्यासाठी माइकसोबतचं कंट्रोल सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं, नाहीतर आवाज जातो पण बटणं मुकी राहतात. रेकॉर्डचं बटण मी ‘दाबून धरलं तरच ऐकेल’ असं ठेवलंय. एकदा दाबून चालू, पुन्हा दाबून बंद हा पर्याय वरवर सोयीचा, पण मग ‘काका, श्वास धरा, आता सोडा’ हेही रिपोर्टमध्ये उमटतं, तेही भलत्याच इंग्रजीत. दुसऱ्या बटणाला साच्यातल्या पुढच्या रिकाम्या जागेवर जायचं काम दिलंय. नॉर्मल पोटाचा रिपोर्ट आधीच लिहून ठेवलेला असतो, मी फक्त लिव्हर, किडनी, प्रोस्टेटची मापं बोलत पुढे जाते. माझ्या मते खरा वेळ इथेच वाचतो, भराभर बोलून नाही.

आता धोक्याचं. हायपोएकोइक म्हणजे आजूबाजूपेक्षा काळसर दिसणारा भाग आणि हायपरएकोइक म्हणजे उजळ. अर्थ नेमके उलटे, कानाला मात्र जुळे भाऊ. सॉफ्टवेअरची यात गल्लत होते, म्हणून मी पहिल्यासाठी ‘एको-पूअर’ म्हणते. त्याहून वाईट म्हणजे बटण दाबता दाबता बोलायला सुरुवात केली की पहिला शब्द गळतो. ‘नो कॅल्क्युलस’मधला ‘नो’ गेला, तर धडधाकट माणसाच्या किडनीत खडा! बटण दाबून क्षणभर थांबायचं, मग बोलायचं. शिवाय नकार वाक्याच्या तोंडाशी ठेवायचाच नाही: ‘किडनी इज फ्री ऑफ कॅल्क्युलाय’.

भाषेच्या यादीत इंडियन इंग्लिश असेल तर तेच निवडा आणि आपल्या नेहमीच्या सुरात बोला. उगाच साहेबी उच्चार काढायला गेलात तर चुका वाढतात. एकेक शब्द सुटा न टाकता अख्खं वाक्य बोललेलं त्याला जास्त कळतं, कारण मागचापुढचा संदर्भ मिळतो. माइक तोंडापासून वीतभराच्या आत आणि जरा तिरका धरा, म्हणजे ‘प’चा फुत्कार जाळीवर आदळत नाही. एसीच्या घरघरीचा फारसा त्रास नाही. शेजारी कुणी बोलत असेल तर मात्र त्याचेही शब्द आत शिरतात.

मराठीची अपेक्षा इथे ठेवू नका, रिपोर्ट इंग्रजीच. पेशंटच्या मुलाला मराठीत निरोप धाडायचा तर मी मोबाइलवर जीबोर्डला, म्हणजे गूगलच्या कीबोर्डला बोलते. त्यात मराठी व्हॉइस टायपिंग 2017 पासून आहे आणि घरगुती वाक्यांना ते छान चालतं.

टायपिस्ट ताईंना काढलेलं नाही. त्या आता टाईप करण्याऐवजी रिपोर्ट तपासतात, डावी-उजवी किडनी, मापांतले दशांश आणि ‘नो’ आधी बघतात. त्यांची एकच तक्रार: माझ्या हाताची जेल बटणांच्या फटीत जाते आणि पुसायचं काम त्यांच्याकडे येतं.