फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर वापरायचा तीन चेंडूंचा स्पायरोमीटर

फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या खाटेजवळ तीन उभ्या नळ्यांचे, प्रत्येक नळीत एक रंगीत चेंडू असलेले, श्वासाच्या व्यायामासाठीचे प्लास्टिकचे छोटे उपकरण बहुतेक वेळा ठेवलेले दिसते. बेळगावच्या औषध दुकानांत ते ‘तीन बॉलचा स्पायरोमीटर’ म्हणून मागितले की लगेच मिळते, आणि या उपचाराच्या एकूण खर्चात त्याची काही शे रुपयांची किंमत जाणवतही नाही. माझ्या मामांची उमेदीची वर्षे निपाणीच्या तंबाखू वखारीत गेली. त्यांच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा खंड काढावा लागला, तेव्हा हे उपकरण आमच्या घरी आले आणि बराच काळ रोज वापरात राहिले.

या शस्त्रक्रियेचे स्वरूप गेल्या नव्वद वर्षांत पुष्कळ बदलले आहे. एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी १९३३ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे कर्करोगासाठी एका रुग्णाचे संपूर्ण फुप्फुस यशस्वीपणे काढले. पुढे केवळ बाधित खंड काढण्याची पद्धत रूढ झाली. फुप्फुसाच्या बाहेरच्या भागातील, दोन सेंटीमीटरपर्यंतच्या आणि लवकर सापडलेल्या गाठींसाठी खंडाचाही थोडाच भाग काढणे पुरेसे ठरू शकते, असे २०२२ आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी व अमेरिकी चाचण्यांत दिसून आले. मात्र छेद लहान असो वा मोठा, बरगड्यांमधील मज्जातंतू दुखावलेले असतात. श्वास घेतला की कळ येते, म्हणून रुग्ण नकळत वरवरचा श्वास घेऊ लागतो, खोकला दाबून धरतो, आणि मग फुप्फुसाच्या तळाचे वायुकोश मिटून तिथे कफ साचतो व न्यूमोनियाला वाट मिळते. काढलेला खंड पुन्हा वाढत नाही. उरलेल्या दोन खंडांनीच फुगून रिकामी जागा भरायची असते. खोल श्वासाने वायुकोश ताणले गेले की त्यांना उघडे ठेवणारा स्निग्ध द्रव तेथील पेशींतून स्रवतो, म्हणून दिवसभरात पुन्हा पुन्हा खोल श्वास घेण्याला इतके महत्त्व आहे.

उपकरणाच्या तीन उभ्या नळ्यांवर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे असतात. ते दर सेकंदाला किती घनसेंटीमीटर हवा आत ओढली जात आहे ते दाखवतात. फुप्फुसात एकूण किती हवा गेली ते नव्हे. हा फरक समजून घेणे फार आवश्यक आहे, कारण एका झटक्यात जोराने ओढले तर तिन्ही चेंडू वर उडतात, घरचे लोक कौतुक करतात, आणि फुप्फुसाचा तळ मात्र होता तसाच राहतो. मामांना शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी तिसऱ्या चेंडूकडे पाहूच दिले नाही. “मामा, घाई नको. पहिला चेंडू वर धरून ठेवा, जमेल तितका वेळ,” असे त्या सांगत. पाठ ताठ ठेवून बसायचे, श्वास पूर्ण सोडायचा, उपकरणाला जोडलेल्या वळ्यांच्या नळीचे टोक ओठांत घट्ट धरून हवा सावकाश आत ओढायची, दोन-तीन सेकंद थांबायचे आणि मग नळी काढून श्वास सोडायचा. जागेपणी दर तासाला असे दहा श्वास घ्यावेत असे साधारणपणे सांगितले जाते. मध्ये चक्कर आल्यासारखे वाटले तर विसावा घ्यावा. थुंकीत रक्त दिसले किंवा अचानक धाप लागली तर थांबून डॉक्टरांना कळवावे.

या उपकरणाचे मोल किती, याबाबत संशोधनाचे उत्तर संयत आहे. पोटाच्या वरच्या भागातील शस्त्रक्रियांविषयीच्या चाचण्यांचा जो कोक्रेन आढावा (वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचा) २०१४ मध्ये निघाला, त्यात फुप्फुसाच्या तक्रारी टाळण्यासाठी याचा स्पष्ट फायदा आढळला नाही. छातीच्या शस्त्रक्रियेतही चांगली फिजिओथेरपी आणि लवकर चालणे-फिरणे चालू असेल, तर याने ठळक भर पडते असे सिद्ध झालेले नाही. म्हणून चालणे, उशी छातीशी दाबून खोकणे आणि वेदनाशामक औषध वेळेवर घेणे यांची जागा ते घेऊ शकत नाही. तरीही मी ते घ्यायला सांगेन. खानापूरकडच्या किंवा निपाणीजवळच्या खेड्यात परतलेल्या रुग्णाकडे फिजिओथेरपिस्ट रोज येणे शक्य नसते, तिथे वर चढणारा चेंडू रुग्णाला डोळ्यांसमोर काहीतरी लक्ष्य देतो, आणि घरच्या माणसालाही व्यायाम झाला की नाही हे पाहता येते.

वस्तू म्हणून त्यात काही उणिवा आहेत. आमच्या उपकरणाची बैठक फार हलकी होती. हातात धरताना ते तिरके झाले की चेंडू कमी जोरातही चढतात, त्यामुळे ते डोळ्यांच्या पातळीवर सरळ धरण्याकडे कोणीतरी लक्ष द्यावे लागते. वळ्यांच्या नळीत लाळेचा ओलावा राहतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाळता वाळत नाही. तोंडात धरायचा भाग रोज साबणाच्या कोमट पाण्याने धुवावा आणि नळी झटकून टांगून ठेवावी. एकाचे उपकरण दुसऱ्याने वापरू नये. सर्वांत खटकले ते सूचनापत्रक. त्यात इंग्रजी आणि हिंदीच होती. या जिल्ह्यात हे उपकरण ज्यांच्या हाती पडते ती वयस्क माणसे मराठी वाचतात किंवा कन्नड, आणि ‘ओढायचे, फुंकायचे नाही’ एवढे एक वाक्य त्या दोन भाषांत छापलेले असते, तर अनेकांचे पहिले दिवस फुकट फुंकण्यात गेले नसते.

हवेचे एकूण प्रमाण मिलिलिटरमध्ये दाखवणारा, सरकत्या दट्ट्याचा प्रकारही मिळतो. तो महाग आहे, पण सावकाश श्वासाची सवय लावण्यासाठी अधिक योग्य वाटतो, आणि परवडत असेल तर तोच घ्यावा. कोणताही घेतला तरी शस्त्रक्रियेची तारीख ठरताच आणावा व डॉक्टरांना विचारून आधीपासून सराव करावा. छाती दुखत नसताना तंत्र लवकर बसते, आणि शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण कुठवर पोहोचत होता हा आकडा पेनाने उपकरणावरच लिहून ठेवला, तर नंतर कितपत सुधारणा होत आहे हे फिजिओथेरपिस्टला त्यावरून ताडता येते.