जुन्या मॅटाडोरला खिडक्या: सरकती काच की ॲक्रिलिक?

आमच्या मॅटाडोरची कॅम्पर, म्हणजे आत झोपता-राहता येईल अशी गाडी करताना सर्वांत जास्त खल झाला तो बाजूच्या खिडक्यांवर. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेची सरकती खिडकी कुर्ल्यात बनवून घेता येते. पुठ्ठ्याचा साचा मात्र स्वतः उभं राहून काढून घ्या. एकदा टफन झालेली काच नंतर जराही कापता येत नाही. तिच्यावर ओरखडे सहसा पडत नाहीत, पण ५ मिमी जाडीची काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. काच सरकते त्या खालच्या पन्हळीत पाणी साचलं, की मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्रा तिथूनच सडू लागतो. पन्हळीची भोकं मोकळी ठेवाच.

दुहेरी ॲक्रिलिकची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या दोन थरांची खिडकी वरच्या बिजागरीवर बाहेर उघडते. जुलैत इगतपुरीला मुक्काम असला, तर पाऊस कोसळतानाही ती थोडी उघडी ठेवता येते. हे सुख सरकत्या काचेत नाही! मधल्या हवेमुळे आत दवही कमी धरतं. फक्त स्पिरिटने पुसू नका, बारीक तडे जातात.

झोपायच्या बाजूला मी ॲक्रिलिकच घेईन. रोज धूळ पुसावी लागते त्या दाराला काच. रंगीत घेतलीत, तरी नियमानुसार बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा.