एक हिवाळा तरंगत्या सूटमध्ये: समुद्री बदकांची शिकार

नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर आयडर आणि स्कोटर या समुद्री बदकांच्या शिकारीला हाच तरंगता सूट घातला. पायापासून मानेपर्यंत अखंड, आत फोम. याआधी छातीपर्यंतचे वेडर, म्हणजे पाण्यात उभं राहायची बुटांसकटची जलरोधक विजार, आणि वर लाइफ जॅकेट एवढ्यावर भागवायचो. आता तसा बोटीत चढणार नाही.

जानेवारीतली गोष्ट. पाणी ४ अंश सेल्सिअस. पडलेला आयडर उचलायला बोटीच्या कडेवरून वाकलो, तेवढ्यात खालून लाट उचलून आली आणि मी डोकं खाली, पाय वर असा पाण्यात. बंदूक आधीच रिकामी करून खोळीत ठेवली होती, हे नशीब. एवढ्या थंड पाण्यात पहिला श्वास आपल्या हातात नसतो, छाती आपोआप हवा ओढते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली राहिलं तर माणूस तिथेच बुडतो. फोमने मला लगेच वर आणून उताणं केलं. श्वास ताब्यात यायला मिनिटभर लागलं. सोबत्याने खांद्यामागचा पट्टा धरून आत ओढलं. मनगटातून आणि मानेतून पाणी शिरलं होतं, पण छाती-पोट जवळपास कोरडं. बोटं मात्र इतकी बधिर, की हनुवटीखालचं बक्कल त्यालाच काढावं लागलं.

आता खोट. सूट जाड असल्याने सुरुवातीला बंदुकीचा दस्ता काखेतच अडकायचा. स्कोटर पाण्यालगत सुसाट येतात, घाईत नेम मागे पडतो. पूर्ण चुकलेला बार परवडला, पण अर्धवट लागलेलं बदक बुडी मारतं आणि पुन्हा सापडत नाही. ते मला रात्रभर डाचतं. शेवटी दस्त्यामागचा एक स्पेसर, म्हणजे त्याची लांबी वाढवणारी चकती, काढला, घरी सूट घालून रिकाम्या बंदुकीने रोज सराव केला, तेव्हा जमलं.

मनगटाचे पट्टे ढिले आहेत. डिकॉयची, म्हणजे बदकांना भुलवायला पाण्यावर सोडलेल्या नकली बदकांची, लांब दोरी ओढून घेताना बाह्यांतून पाणी कोपरापर्यंत जातं. चेन मिठाने धरते. दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुऊन मेण लावलं तरच चालते. अस्तर एका रात्रीत वाळत नाही, त्यामुळे सलग दोन दिवस जायचं तर दुसऱ्या सकाळी ओलसर कपड्यात शिरावं लागतं.

घेणार असाल तर आत लोकरीचे दोन थर घालूनच माप बघा, आणि खाली बसून, वाकून, बंदूक खांद्याला लावल्यासारखे हात करून पाहा.