वस्तूशेजारी तिचे छायाचित्र: वॉशिंग्टनचे अमेरिकन इतिहास संग्रहालय

वॉशिंग्टनच्या नॅशनल म्युझियम ऑफ अमेरिकन हिस्टरीमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्याने सुरुवात कुठून करावी, असे कोणी विचारले तर मी दुसऱ्या मजल्यावरच्या त्या अंधाऱ्या दालनाचे नाव घेईन. आत शिरल्यावर डोळे सरावायला थोडा वेळ लागतो. मग काचेपलीकडे, जेमतेम दहा अंशांच्या उतारावर पसरलेले अमेरिकेचे एक प्रचंड निशाण हळूहळू दिसू लागते. बाल्टिमोरच्या मेरी पिकर्सगिल यांनी १८१३ मध्ये ते शिवले आणि त्याचे ४०५ डॉलर ९० सेंट त्यांना मिळाले. हातभार लावणाऱ्यांत त्यांची मुलगी, दोन भाच्या आणि कराराने बांधलेली ग्रेस विशर ही कृष्णवर्णीय मुलगी होती. कापड इतके मोठे होते की ते घरात मावेना, म्हणून जवळच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यात जमिनीवर अंथरून शिवणकाम पुरे करावे लागले. १४ सप्टेंबर १८१४ च्या सकाळी, रात्रभर चाललेल्या ब्रिटिश भडिमारानंतर, बाल्टिमोर बंदरातल्या फोर्ट मॅकहेन्री या किल्ल्यावर हेच निशाण फडकताना वकील फ्रान्सिस स्कॉट की यांनी पाहिले आणि त्यातून जी कविता निर्माण झाली, तिला १९३१ मध्ये राष्ट्रगीताचा दर्जा मिळाला.

एवढा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. मला मात्र तिथे खिळवून ठेवले ते निशाणाच्या फाटक्या कडेने. ते मुळात ३० फूट बाय ४२ फूट होते. आज त्याची लांबी सुमारे ३४ फूट उरली आहे. किल्ल्याचे सेनाधिकारी आर्मिस्टेड यांच्या घराण्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या राहिले आणि आठवण म्हणून मागणाऱ्यांना त्याचे तुकडे कापून दिले गेले. पंधरांपैकी एक तारा असाच गेला. १८७३ मध्ये बॉस्टनच्या नौदल आवारात नौदल अधिकारी जॉर्ज प्रेबल यांनी ते पसरून त्याचे छायाचित्र काढवून घेतले. तिथे जाण्याआधी ते छायाचित्र एकदा नीट पाहून जावे, असे मी आग्रहाने सांगेन. तारा हरवलेला आणि कड झिजलेली हा देखावा त्या काळी जवळपास आजच्यासारखाच होता. म्हणजे ही हानी तोफगोळ्यांनी केली, ही आपली सहज होणारी समजूत ते चित्र खोडून काढते. निशाणाचा मोठा घास शत्रूने घेतलेला नाही, तो प्रेमाने घेतलेला आहे.

जतनाचे काम हा या दालनाचा दुसरा मोठा ऐवज आहे. १९१४ मध्ये अमेलिया फाउलर आणि त्यांच्या सहकारी शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांनी निशाणाला तागाचे अस्तर जोडताना सुमारे १७ लाख टाके घातले होते. १९९८ नंतरच्या मोठ्या दुरुस्तीत तज्ज्ञांनी हे टाके एकेक करून काढले आणि चेहऱ्याच्या प्रसाधनासाठी वापरतात तसल्या कोरड्या स्पंजांनी कापडावरची धूळ टिपली. दालनातला अंधार त्यामुळेच आहे, कारण लोकर आणि सूत प्रकाशाने झिजते. इथे छायाचित्र काढू देत नाहीत. हा नियम मला अगदी रास्त वाटतो; उलट हातात फोन नसल्याने माणसे थांबून पाहतात, हे मी तिथे स्वतः अनुभवले. निशाणाच्या एका पांढऱ्या पट्ट्यावर उलट्या ‘व्ही’सारखे लाल कापड शिवलेले आहे. आर्मिस्टेड या नावाच्या आद्याक्षराची ती अर्धवट राहिलेली सुरुवात असावी, असे मानले जाते. ते शोधायला विसरू नये.

याच संग्रहालयातली दुसरी वस्तू पाहताना छायाचित्राने मला उलट्या दिशेने सावध केले. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो शहराच्या वूलवर्थ दुकानातल्या उपाहारगृहाच्या काउंटरचा एक भाग इथे आहे, चार स्टुलांसह. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी महाविद्यालयातले चार कृष्णवर्णीय विद्यार्थी, एझेल ब्लेअर, फ्रँकलिन मॅकेन, जोसेफ मॅकनील आणि डेव्हिड रिचमंड, या दुकानात किरकोळ वस्तू विकत घेऊन मग फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या काउंटरवर बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. ती मिळाली नाही, तरी ते दुकान बंद होईपर्यंत उठले नाहीत. हा अन्याय किती विचित्र होता, ते या वस्तूपाशी उभे राहिल्यावर अंगावर येते: त्याच दुकानात त्यांचे पैसे चालत होते, फक्त बसणे चालत नव्हते. त्यानंतर जवळपास सहा महिने आंदोलन चालले आणि २५ जुलै १९६० रोजी दुकानाने माघार घेतली. १९९३ मध्ये दुकान बंद झाले, तेव्हा हा भाग संग्रहालयाकडे आला.

काउंटरवर बसलेल्या चौघांचे जे छायाचित्र जगभर फिरते, ते पहिल्या दिवसाचे नाही. ते दुसऱ्या दिवसाचे, २ फेब्रुवारीचे आहे. त्यात मॅकनील आणि मॅकेन आहेत, पण त्यांच्या बाजूला बिली स्मिथ आणि क्लॅरेन्स हेंडरसन बसलेले आहेत. पहिल्या दिवशी दुकानाच्या आत कॅमेरा पोहोचलाच नव्हता. हे कळल्यावर मला ती स्टुले वेगळी दिसू लागली. छायाचित्र चार चेहरे कायमचे ठरवून टाकते; रिकामे स्टूल मात्र कोणाचेही असू शकते, आणि त्या आठवड्यात ते खरोखरच रोज वाढत जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे झाले. रिकामी बैठक नुसती मांडून ठेवण्याचा संग्रहालयाचा निर्णय मला म्हणूनच फार योग्य वाटतो.

जेफरसन यांचे घडीचे लेखनपीठ, ज्यावर त्यांनी १७७६ मध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला, हे अपेक्षेपेक्षा खूपच लहान आहे. मांडीवर ठेवता येईल एवढे. १८३१ चे जॉन बुल हे आगगाडीचे इंजिन आवर्जून पाहावे. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींचे पोशाख पाहायला लोक दाटीवाटीने उभे असतात. माझे मन तिथे फारसे रमले नाही, पण वस्त्रकलेत रस असणाऱ्यांचे ते नक्की रमेल.

संग्रहातल्या १७ लाखांहून अधिक वस्तूंपैकी फार थोड्या दालनांत मांडता येतात, हे लक्षात घेतले तर संकेतस्थळ हा या संस्थेच्या सेवेचा अर्धा भाग ठरतो. हे संग्रहालय ज्या संस्थेचे आहे, त्या स्मिथ्सोनियनने फेब्रुवारी २०२० मध्ये मुक्त संग्रह सुरू केला, तेव्हा त्यात सुमारे २८ लाख प्रतिमा कोणालाही कोणत्याही कामासाठी, परवानगी न घेता वापरण्यास खुल्या केल्या. मात्र प्रत्येक नोंदीखाली प्रतिमा खरोखर मुक्त आहे की तिच्यावर वापराच्या अटी आहेत, हे पाहूनच ती उतरवून घ्यावी. दोन्ही प्रकार एकाच शोधात सरमिसळ होऊन येतात. कित्येक नोंदींना अजून छायाचित्रच जोडलेले नाही, ही उणीव अभ्यासकाला जाणवते. शोध घेताना प्रसिद्ध नावांपेक्षा पदार्थाचे किंवा तंत्राचे नाव टाकावे, म्हणजे अनपेक्षित गोष्टी हाती लागतात.

असाच एक शोध मला छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांच्या निळ्या छापांपर्यंत घेऊन गेला. फिलाडेल्फियात त्यांनी माणसांच्या आणि जनावरांच्या हालचालींची ओळीने छायाचित्रे घेतली आणि १८८७ मध्ये ७८१ पट्ट, म्हणजे छापील चित्रपाने, प्रसिद्ध केले. पट्टांवर सगळे काटेकोर दिसते: चौकटींच्या नीट रांगा, एकामागून एक पाऊल. संग्रहालयाकडे त्याआधीचे आठशेहून अधिक सायनोटाइप, म्हणजे काचेच्या निगेटिव्हवरून काढलेले निळे कच्चे छाप आहेत, आणि त्यांच्यात चौकटी अजून कापल्या-जुळवल्या जायच्या आहेत. छाप आणि पट्ट शेजारी ठेवून पाहिले की काही मालिकांत चौकटी कापून, बदलून, पुन्हा मांडून ओळ पूर्ण केली असल्याचे ध्यानात येते. ज्या चित्रांकडे विज्ञानाचा पुरावा म्हणून पाहिले गेले, त्यांत संपादकाची कात्री किती चालली होती, हे या कच्च्या छापांइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. एक निळा छाप पडद्यावर मोठा करून मी बराच वेळ नुसता कडा पाहत होतो.

तिसऱ्या मजल्यावर लिंकन यांची टोपी आहे. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री फोर्ड नाट्यगृहात ती त्यांच्यासोबत होती. तिच्याभोवतीची काळी रेशमी पट्टी मरण पावलेल्या त्यांच्या लहान मुलाच्या, विलीच्या, दुःखाची आहे. ती नंतर जोडलेली असून नजर टोपीच्या उंचीवर गेली की निसटते. हत्येनंतर सरकारी खात्यांतून ही टोपी १८६७ मध्ये स्मिथ्सोनियनकडे आली, तेव्हा सचिव जोसेफ हेन्री यांनी लोकांच्या भावना भडकतील म्हणून ती प्रदर्शनात ठेवू दिली नाही. तळघरातून ती १८९३ मध्ये बाहेर आली. लिंकन यांची टोपी घातलेली छायाचित्रे आपण इतकी पाहिलेली असतात की आधी ओळखीची वस्तू भेटल्याचा भास होतो आणि मग ती पट्टी दिसते.

प्रवेश विनामूल्य आहे, तिकीट काढावे लागत नाही; २५ डिसेंबर सोडून संग्रहालय रोज सकाळी १० ते सायंकाळी ५.३० उघडे असते आणि फेडरल ट्रँगल हे मेट्रो स्थानक जवळच आहे. पैसे मोजायचे नसल्यामुळे मी तरी एकाच दिवशी सगळे उरकू नये असे म्हणेन: पहिल्या दिवशी निशाण, काउंटर आणि टोपी, रात्री संकेतस्थळावर त्यांच्या नोंदी आणि छायाचित्रे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, गर्दी व्हायच्या आत, त्याच अंधाऱ्या दालनात पुन्हा एकदा.