जुनी घ्यायची तर काळी साधी सायकल की गिअरवाली?

रोज ऑफिसला पाच-सात किलोमीटर जायचंय आणि बजेट कमी असेल तर माझं मत सरळ आहे, जुनी काळी सायकल बघा, ती २८ इंची चाकांची, रॉड ब्रेकवाली (तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी लागणारे ब्रेक), आपल्याकडे दूधवाले वापरतात ती. मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड सगळं आधीच लावलेलं असतं म्हणजे पावसात पँट खराब होत नाही, डबा-बॅग मागे बांधता येते, आणि पार्ट कुठल्याही गावातल्या सायकलवाल्याकडे मिळतात. अशा सायकली बनवणाऱ्या ॲटलास कंपनीचा दिल्लीजवळचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला तरी तिच्या जुन्या सायकलींचं काही अडत नाही, कारण बरेचसे पार्ट इतर कंपन्यांचे पण बसतात.

एक खरी अडचण ब्रेकची. स्टीलची रिम ओली झाली की ब्रेक नीट लागत नाही, पावसाळ्यात सांभाळूनच.

गिअरवाली एमटीबी (जाड टायरची माउंटन बाइक) चढावर खूप सुखाची, पुण्यात बावधन-कात्रजकडे राहणाऱ्यांनी तीच घ्यावी. पण स्वस्तातली सस्पेन्शनवाली नको, वजन उगाच वाढतं आणि पॅडल मारलेली ताकद स्प्रिंगमध्येच जाते. घेताना सगळे गिअर चालवून बघा, नुसती चेन नवीन टाकली आणि मागची दातेरी चक्रं झिजलेली असली तर चेन उड्या मारते.

दोन्हीत फ्रेमच्या जोडांजवळ तडे बघा, फ्रेमवर कोरलेला नंबर (बऱ्याचदा पॅडलचे दांडे जोडलेले असतात तिथे खाली असतो) खरवडलेला असेल तर सोडून द्या, चोरीची असू शकते.