गच्चीवर सोलर की वाढीव लोड? सोसायटीने आधी काय करावं

एप्रिलमध्ये रात्री साडेदहाला आमच्या मीटर रूममधला मेन फ्यूज उडाला, आठवड्यात दुसऱ्यांदा. अठ्ठावीस फ्लॅट, पूर्वी चार एसी होते, आता बहुतेक घरात एक तरी आहेच, शिवाय खाली पार्किंगमध्ये दोन ईव्ही, म्हणजे विजेवरच्या गाड्या. मग कमिटीत दोन तट पडले, एक म्हणतो सोलर लावा, दुसरा म्हणतो वीज कंपनीकडे अर्ज करून लोड, म्हणजे इमारतीला मंजूर असलेली विजेची मर्यादा, वाढवून घ्या. तुमच्याकडेही हीच भांडणं चालू असतील तर मी मांडलेलं गणित बघा.

सोलरचं आधी. 1 किलोवॅटला साधारण 100 स्क्वेअर फूट मोकळी जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला 4 युनिट मिळतात, पावसाळ्यात बरेच कमी. आमची गच्ची कागदावर मोठी, पण पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि शेजारच्या टॉवरची चार वाजल्यानंतरची सावली काढली की उरते हजार फूट, म्हणजे 10 किलोवॅट, दिवसाचे 40 युनिट. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या बिलाला हे चांगलंच उपयोगी, कारण नेट मीटरिंगमध्ये दुपारी ग्रिडला, म्हणजे कंपनीच्या वीजजाळ्याला, दिलेले युनिट बिलातून वळते होतात. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन कामासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये सबसिडी आहे, म्हणजे आमचे 1 लाख 80 हजार वाचतात.

पण रात्री साडेदहाला सोलर शून्य! फ्यूज उडतो तेव्हाच नेमका. उद्या ईव्ही चार झाल्या आणि त्यांचे 7.2 किलोवॅटचे चार चार्जर एकदम चालू झाले तर जवळपास 29 किलोवॅट होतात, त्याला गच्चीवरचं काहीच पुरत नाही, तिथे लोडच वाढवावा लागतो, केबल आणि पॅनल बदलावं लागतं, आणि मागणी फार मोठी असेल तर कंपनी ट्रान्सफॉर्मरला जागाही मागू शकते, तीच मुंबईत सगळ्यात महाग.

अजून एक गैरसमज, लाइट गेली की सोलर चालेल. बॅटरी नसेल तर नाही चालत. ग्रिड बंद झाली की साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर मुद्दामच बंद होतो, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. 12 ऑक्टोबर 2020 ला अख्खी मुंबई बंद पडली, लोकल जागच्या जागी थांबल्या, त्या दिवशी असले पॅनल शोभेचेच ठरले असते. शहराची मागणी आता उन्हाळ्यात 4,000 मेगावॅटच्या वर जाते, ट्रॉम्बे, डहाणूची औष्णिक केंद्रं आणि टाटांची खोपोली-भिरा वगैरे जुनी जलविद्युत केंद्रं सगळी धरूनही ती भागत नाही, बाकीची वीज बाहेरून आणावी लागते, म्हणून तर खारघर-विक्रोळीसारख्या लाइन टाकल्या. आपल्या गच्चीने हा प्रश्न सुटेल असं मीटिंगमध्ये कोणी सांगायला लागलं तर सरळ मान डोलवून चहा घ्यावा.

रिडेव्हलपमेंट चार-पाच वर्षांत असेल तर सोलर मी तरी लावणार नाही, पैसे वसूल व्हायच्या आत इमारत पडायची. गच्ची गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी, नाहीतर नंतर पॅनलचे सगळे पाय उचकटा.

दोन्हींच्या आधी स्वस्तातलं काम, जुने पंखे. साधा 75 वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30 च्या आसपास, आणि तो रात्रीही वाचवतो. चार्जरवर टायमर लावून दोन गाड्या बारानंतर, दोन पहाटे असं ठरवलं तरी 29 चे साडेचौदा होतात. आम्ही टायमर लावलेत, लोडचा अर्ज या महिन्यात, सोलरचं कोटेशन पाऊस संपल्यावर.