छोट्या शाळेतला आयबी डिप्लोमा: नाशिकच्या पालकांसाठी एका रसायनशास्त्राच्या शिक्षिकेचा अनुभव

माझी मुलगी यंदा नाशिकमधल्या एका छोट्या आंतरराष्ट्रीय शाळेतून आयबी डिप्लोमा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम, करून बाहेर पडली. ती दोन वर्षं मी आई म्हणून पाहिलीच, पण शिक्षिका म्हणूनही बारकाईने पाहिली. मी कनिष्ठ महाविद्यालयात स्टेट बोर्डाच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. कॉलेज रोडवरच्या मैत्रिणी, सासरकडचे निफाडचे नातेवाईक, सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "मॅडम, घालायचं का मुलाला तिकडे?" म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण तिथे अजून मुलं शिकतायत आणि मला बोलायचंय ते अभ्यासक्रमाबद्दल.

आधी रचना. सहा विषय, त्यातले साधारणपणे तीन हायर लेव्हलला आणि तीन स्टँडर्ड लेव्हलला. प्रत्येक विषयाला 7 पैकी गुण, म्हणजे 42. थिअरी ऑफ नॉलेज (आपल्याला जे कळतं ते कशावरून, याचा विषय) आणि जास्तीत जास्त 4000 शब्दांचा एक्स्टेंडेड एसे, म्हणजे दीर्घ संशोधन-निबंध, मिळून आणखी 3, एकूण 45. पास व्हायला किमान 24 लागतात, शिवाय बाकीच्या अटी असतातच. हायर लेव्हलला 240 तास शिकवायचे, स्टँडर्डला 150. कागदावर हे कोणत्याही शाळेत सारखंच असतं. फरक पडतो तो शिकवण्यात, आणि मला तो सगळ्यात स्पष्ट दिसला प्रयोगशाळेत.

आपल्याकडे बारावीचं टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंब थेंब सोडून त्याची तीव्रता मोजणं, कसं होतं ते मी रोज पाहते. पोटॅशियम परमँगनेट, ऑक्झॅलिक आम्ल किंवा मोहर सॉल्ट, तीन रीडिंग, सी.बी.आर. (ब्युरेटचं स्थिर आलेलं रीडिंग), की झालं. हुशार मुलाला उत्तर किती यायला हवं हे आधीच पाठ असतं, आणि रीडिंग त्या उत्तराकडे बरोबर सरकतात. यात मुलांना दोष देत नाही. एका बॅचला जेवढा वेळ मिळतो त्यात दुसरं काही होणं कठीण आहे.

आयबीच्या रसायनशास्त्रात 20 टक्के गुण एका स्वतंत्र प्रयोगाला आहेत, त्याला इंटर्नल असेसमेंट म्हणतात. प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः काढायचा. माझ्या लेकीने प्रश्न आणला आजोबांच्या बागेतून: थॉमसन जातीच्या द्राक्षांचा घड जसजसा तयार होतो तसतशी रसातली आम्लता किती उतरते? आजोबा हंगामात रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकून साखर बघतात आणि तोडणी कधी करायची ते ठरवतात. साखर आकड्यात कळते, आंबटपणा मात्र जिभेवर. तो आंबटपणा तिला आकड्यात हवा होता.

दर आठवड्याला ठरलेल्या वेलींवरून मणी काढायचे, रस गाळायचा, पाणी घालून पातळ करायचा आणि फिनॉल्फ्थॅलीन घालून सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन करायचं. पहिल्या नोंदी घेऊन ती सरांकडे गेली तेव्हा सरांनी आकडे पाहिलेच नाहीत. त्यांनी विचारलं, "मणी घडाच्या कुठल्या भागातले? उन्हाकडचे की सावलीतले?" ही नोंद तिच्याकडे नव्हती. मग घडाचा वरचा भाग, खांदा आणि टोक असे वेगळे नमुने सुरू झाले. पुढचा प्रश्न आला, "तू जे मोजते आहेस ते टार्टरिक आम्लच आहे कशावरून?" द्राक्षात मॅलिक आम्लही असतं, आणि मणी पिकताना ते जास्त घटतं. टायट्रेशनला दोन्ही एकत्रच दिसतात. म्हणून अहवालात "टार्टरिक आम्लाच्या हिशोबात एकूण आम्लता" असं लिहावं लागलं, आणि तसं का लिहिलं तेही. ब्युरेटच्या प्रत्येक रीडिंगमधली अनिश्चितता शेवटच्या उत्तरापर्यंत कशी पोहोचते, ते गणितही मांडावं लागलं.

या अहवालाला चार निकषांवर गुण मिळतात. प्रयोगात काय कमी पडलं आणि त्याचा निष्कर्षावर किती परिणाम झाला, हे सांगणं हा त्यातला एक अख्खा निकष. म्हणजे दोष नीट ओळखला तर गुण मिळतात, तो लपवून काही हाती लागत नाही. इतकी वर्षं शिकवल्यावर मला वाटतं की विज्ञान शिकवायचं तर असंच. माझ्या वर्गातल्या मुलांनाही हे मिळायला हवं, आणि ते मिळत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे जमलं ते वर्ग लहान होता म्हणून. हायर लेव्हल रसायनशास्त्राला सात मुलं होती. सरांना प्रत्येकाचा प्रयोग तोंडपाठ.

पण छोटी शाळा म्हटलं की त्याचीच दुसरी बाजू येते. माहितीपत्रकात विषयांची यादी भलीमोठी. प्रत्यक्षात पुरेशी मुलं नसली की विषय सुरूच होत नाही. लेकीला हायर लेव्हलला अर्थशास्त्र हवं होतं. ते रसायनशास्त्राच्याच वेळेला आलं, आणि वेळापत्रक एकाच मुलीसाठी बदलणार नव्हतं. एका विषयाला एकच शिक्षक, त्यामुळे गणिताच्या बाई दुसऱ्या वर्षाच्या मध्यात सोडून गेल्या तेव्हा नवीन शिक्षक येईपर्यंत मुलं व्हिडिओ बघून शिकली. एवढी फी घेणाऱ्या शाळेने याची तजवीज आधीच ठेवायला हवी होती. हे मी मुख्याध्यापकांना समोर बसून सांगितलं आहे.

मराठीचंही सांगायलाच हवं. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. अकरावीला ती या शाळेतून गायब होते. दुसरी भाषा म्हणून हिंदी किंवा अगदी पहिल्या धड्यापासून फ्रेंच, एवढेच पर्याय. नाशिकमध्ये राहून, घरी मराठी बोलून, सतरा वर्षांच्या मुलीला शाळेत मराठी साहित्याचं एक पानही वाचायला मिळू नये, हे मला पटलेलं नाही. पालकांनी एकत्र मागणी केली तर बदलू शकतं. आम्ही केली, तेव्हा अर्ज करणारे तिघेच होतो.

सी.ए.एस. म्हणजे कला, खेळ आणि समाजकार्य. ते दीड वर्ष चालतं. या शाळेत ते बरंचसं गोदाकाठी झाडू घेऊन फोटो काढण्यापुरतंच राहिलं. एक्स्टेंडेड एसेचं काम मात्र चांगलं झालं. मार्गदर्शक ठरलेल्या वेळी भेटायचे, आणि शेवटच्या तोंडी चर्चेत त्यांनी लेकीला तिच्याच संदर्भांवरून उलटसुलट विचारलं.

आता प्रवेशाचं, कारण फोनवर सगळ्यात जास्त हेच विचारलं जातं. आयबी डिप्लोमाला भारतीय विद्यापीठ संघ बारावीच्या समकक्ष मानतो, ती काळजी नको. काळजी विषय निवडताना घ्या. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा द्यायची असेल तर भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र तिन्ही लागतात. डिप्लोमाच्या नेहमीच्या रचनेत विज्ञानाचे दोनच बसतात, तिसऱ्यासाठी आयबीची खास परवानगी लागते. इंजिनिअरिंगकडे जायचं असेल तर गणितात अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस घ्या, अ‍ॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन सोपं वाटलं तरी नको. राज्याची प्रवेश परीक्षा एमएचटी-सीईटी स्टेट बोर्डाच्या अकरावी-बारावीवर बेतलेली आहे, तिचा अभ्यास वेगळा आणि तोही प्रयोग-निबंधांच्या ऐन गर्दीत करावा लागतो. मे महिन्याच्या परीक्षेचा निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतो, तोवर इथल्या प्रवेशांची धावपळ सुरू झालेली असते. शाळेच्या समुपदेशकांना परदेशी विद्यापीठांचे अर्ज उत्तम ठाऊक होते, कॅप राउंडबद्दल (राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांबद्दल) मात्र मलाच त्यांना समजावावं लागलं.

तेव्हा मूल डॉक्टर व्हायचं म्हणत असेल, किंवा आयआयटीवर ठाम असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की घालू नका. त्याला खणून विचारायची सवय असेल, परदेशात किंवा आपल्याकडच्या खासगी विद्यापीठात जायची तयारी असेल आणि वर्षाला काही लाख खर्च झेपणार असेल, तर जरूर घाला. परीक्षा फी आम्हाला वेगळी पडली, तीही हिशोबात धरा.

शाळा बघायला जाल तेव्हा इमारत आणि स्मार्ट बोर्ड दाखवतील. तुम्ही प्रयोगशाळा बघायला मागा, आणि मागच्या बॅचचा एखादा विज्ञानाचा अहवाल नाव झाकून वाचायला मागा. यंदा हायर लेव्हलचे कोणते विषय खरोखर चालू आहेत आणि गणिताचे शिक्षक किती वर्षांपासून आहेत, हे लेखी घ्या. आणि तुमची मुलं मराठी घेणार असतील तर प्रवेशाच्या अर्जावरच तसं लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी मागणी करणारे आमच्या तिघांपेक्षा जास्त जण असतील.